गुडघ्यातलं वंगण: एका न भरणाऱ्या जखमेची गोष्ट

हा भाग ऐकून बऱ्याच जणांनी मेसेज केले की हे लिहून टाक, घरच्यांना पाठवायचंय. म्हणून हे लिखित रूप. बोलताना जिथं अडखळले तेवढं नीट केलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. ऑडिओत मध्येच कोंबड्या ओरडतात, त्या आमच्या अंगणातल्या. हा भाग मी गावी बसून रेकॉर्ड केला होता.

गाव पाथर्डी तालुक्यात. जिल्हा अहमदनगर, आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडात अजून नगरच. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, आशियातला पहिला, तो याच जिल्ह्यात. आमचा तालुका त्याच साखरेचं दुसरं टोक. आमच्याकडं ऊस फारसा पिकत नाही, ऊस तोडणारी माणसं पिकतात. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव रिकामं होतं. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. हत्यार नव्हे, माणसं मोजायचं एकक. माझे आई-वडील बावीस हंगाम एक कोयता होते. मी लहानपणी काही दिवस त्यांच्याबरोबर फडावर, काही दिवस साखरशाळेत आणि उरलेले आजीजवळ काढले.

ऊस मुळाशी तोडावा लागतो. वर तोडला तर कारखाना ओरडतो, कारण साखर खालीच जास्त. म्हणजे दिवसभर वाकून, गुडघे मोडून काम. मग ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घ्यायची आणि एका अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. आईच्या गुडघ्यांची कहाणी एवढीच आहे.

गेल्या पावसाळ्यात दादाचा फोन आला. म्हणाला, "आईच्या गुडघ्यांचं ठरवलंय. एका क्लिनिकमध्ये स्टेम सेलचं इंजेक्शन देतात. गादी परत तयार होते म्हणे. दोन्ही पायांचे मिळून एक लाख ऐंशी हजार."

मी विचारलं, पैसे कुठून आणणार?

"मुकादमाशी बोललोय. यंदा उचल जास्त घेतो."

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. ते तोडणीतून फेडायचे. फिटले नाहीत तर पुढच्या हंगामाला पुन्हा जायचं. म्हणजे आईच्या गुडघ्यांसाठी दादाचे आणि वहिनीचे गुडघे गहाण. मी बायोटेक्नॉलॉजीत एमएस्सी केलंय, घरातली शिकलेली मीच. दादा म्हणाला, "तू बघ खरं आहे का ते. तू सांगशील तसं करू."

मग मी बघायला बसले, आणि बघता बघता पावणेतीनशे वर्षं मागं गेले.

आपल्याकडं गुडघा दुखायला लागला की दोन वाक्यं येतात. 'वंगण संपलं' आणि 'गादी झिजली'. पहिलं सायकलच्या दुकानातून आलेलं, दुसरं घरातून. दोन्ही अर्धी बरोबर आहेत. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जिथं भेटतात तिथं दोघांच्या टोकांवर एक पांढरा, किंचित निळसर, काचेसारखा गुळगुळीत थर असतो. जाडी जेमतेम काही मिलिमीटर. ही कूर्चा. मटण खाणाऱ्यांनी नळीच्या टोकाला ती पाहिलेली आहे, फक्त नाव विचारलेलं नसतं.

या थरात रक्तवाहिनी नाही आणि नसही नाही. जिवंत पेशी अगदी थोड्या. बाकी सगळं पाणी, कोलाजेनचे धागे आणि ते पाणी धरून ठेवणारे मोठाले रेणू. पाय टेकला की स्पंजमधून निघावं तसं पाणी बाहेर दाबलं जातं, पाय उचलला की परत आत येतं. या ये-जा करणाऱ्या पाण्यातूनच पेशींना खायला मिळतं.

आता बघा. हाताला कापलं तर रक्त येतं, खपली धरते, खाली नवं कातडं येतं. हाड मोडलं तरी तिथं रक्त साकळतं आणि त्यातूनच नवं हाड जमायला लागतं. कूर्चेला रक्त नाही, म्हणून तिची जखम भरत नाही. नस नाही, म्हणून झिजताना कळत नाही. दुखतं ते नंतर, खालच्या हाडावर ताण येतो आणि सांध्याचं अस्तर सुजतं तेव्हा. तक्रार येईपर्यंत माल गेलेला असतो. एक्स-रेमध्ये तर कूर्चा दिसतही नाही, दिसते ती दोन हाडांमधली फट. आईच्या एक्स-रेत आतल्या बाजूला फटच उरली नव्हती.

कूर्चा एकदा गेली की परत येत नाही, हे कागदावर नीट मांडलं विल्यम हंटर नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरनं. साल १७४३, लंडनची रॉयल सोसायटी. त्यानं सांध्यांची रचना बारकाईनं वर्णन केली आणि म्हटलं की जुन्या वैद्यांपासून आजपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे, कूर्चेचा व्रण मोठा त्रासदायक आणि एकदा नष्ट झाली की ती भरून येत नाही. तेव्हा पुण्यात नानासाहेब पेशवे गादीवर होते आणि नगरचा किल्ला अजून निजामाकडं होता. किल्ला पेशव्यांकडं आला १७५९ ला. तेव्हापासून त्या किल्ल्याचे किती मालक बदलले ते मोजा, हंटरचं म्हणणं मात्र दोनशे वर्षं जागचं हललं नाही.

इथं जरा आडवळण घेते, कारण ते पुण्याकडं जातं.

१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये एक पत्र आणि चित्र छापून आलं. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो नाकाविना राहिला, मग पुण्याजवळच्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवलं. पत्रात त्या कारागिराची जात लिहिलीय, विटा करणाऱ्यांची. नाव लिहिलेलं नाही. ज्या इंग्रज डॉक्टरांनी असं ऑपरेशन पाहिलं त्यांची नावं मात्र आहेत. हे मला दर वेळी खटकतं.

पद्धत अशी होती. मेणाचं नाक करायचं, ते पसरून कपाळावर ठेवून माप आखायचं, तेवढं कातडं सोडवायचं, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची. मग ते कातडं पिळून खाली आणायचं आणि नाकाच्या जागी बसवायचं. हे वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जननं १८१४ साली तिथं तसंच ऑपरेशन केलं, आणि युरोपात नाक जोडण्याची शाखा नव्यानं सुरू झाली.

सगळी युक्ती त्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त येत राहतं, म्हणून कातडं जगतं. म्हणजे आपल्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं की शरीराचा तुकडा हलवायचा तर त्याच्या रक्तासकट हलवावा लागतो. पण ज्या गोष्टीला मुळात रक्तच नाही, तिचं काय करायचं? कावसजीचं ते नाक कातड्याचं होतं. आतली कूर्चा परत करणं त्या कारागिरालाही जमणारं नव्हतं आणि लंडनलाही. हे नाक लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

विसाव्या शतकात पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढवता यायला लागल्या. मग साधा विचार आला. कूर्चेत पेशी कमी आहेत ना? मग थोड्या काढू, भांड्यात वाढवू, परत टाकू. १९६० साली फिलाडेल्फियात हॉवर्ड होल्ट्झर आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या कूर्चेच्या पेशी वाढवून पाहिल्या. पेशी वाढल्या भरपूर. पण कूर्चा बनवायच्या विसरल्या. गोल होत्या त्या चपट्या, लांबट झाल्या, आणि कूर्चेचा खास माल तयार करणं त्यांनी सोडून दिलं.

हे मी स्वतः पाहिलंय. एमएस्सीच्या प्रोजेक्टला आम्ही सकाळी सात वाजता खाटकाच्या दुकानात उभे राहायचो, बोकडाचा गुडघा घ्यायला. "न फोडता द्या" म्हटलं की तो खाटीक आमच्याकडं असा बघायचा की काय सांगू. लॅबमध्ये सांधा उघडून कूर्चेच्या पातळ कापट्या काढायच्या, एन्झाइममध्ये रात्रभर ठेवायच्या. सकाळी तळाशी पेशी, मस्त गोल, मोहरीसारख्या. आठवडाभरात त्या फ्लास्कच्या तळाला चिकटून पसरायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी फ्लास्क बदलेपर्यंत ओळखू यायच्या नाहीत. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय. चुकत नव्हतं. १९६० पासून सगळ्यांचं हेच होत आलंय.

मग १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बेन्या आणि शाफर यांनी सशाच्या अशाच बिघडलेल्या पेशी घेतल्या आणि सपाट तळावर न ठेवता अगारोजच्या जेलीत सोडल्या. आपण चायना ग्रासची खीर करतो ना, तिच्याच नात्यातली जेली, समुद्री शेवाळापासून मिळणारी. जेलीत पेशीला पसरायला तळच मिळत नाही, चारी बाजूंनी वेढलेली राहते. आणि त्या पेशी पुन्हा गोल झाल्या, पुन्हा कूर्चेचा माल बनवायला लागल्या. म्हणजे त्या विसरल्या नव्हत्या, त्यांना चुकीच्या घरात ठेवलं होतं.

या शोधाचा पहिला मोठा उपयोग स्वीडनमध्ये झाला. गॉथनबर्गला १९८७ पासून डॉक्टरांनी रुग्णाच्याच गुडघ्यातून, जिथं भार येत नाही अशा जागेवरून, कूर्चेचा छोटा तुकडा काढायला सुरुवात केली. त्यातल्या पेशी लॅबमध्ये वाढवायच्या आणि खड्डा पडलेल्या जागी हाडाच्या अस्तराच्या ठिगळाखाली भरायच्या. १९९४ मध्ये ब्रिटबर्ग, पीटरसन आणि मंडळींनी २३ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध केला. मांडीच्या हाडावर खड्डा होता अशा १६ पैकी १४ जणांना चांगला फायदा झाला होता. गुडघ्याच्या वाटीमागं खड्डा होता त्या ७ पैकी फक्त दोघांना.

आता नीट ऐका, कारण जाहिरातीत हे कुणी सांगत नाही. हे रुग्ण १४ ते ४८ वर्षांचे होते. त्यांच्या कूर्चेत एका ठिकाणी खड्डा होता, आजूबाजूची चांगली होती. रस्त्यात खड्डा पडला तर बुजवता येतो. रस्ताच वाहून गेला असेल तर? आईचा रस्ता वाहून गेला होता.

आणि या पद्धतीत एक अडचण होतीच. दुरुस्तीसाठी आधी चांगली कूर्चा कापावी लागते. आधीच गरीब असलेल्या घरातून कर्ज काढल्यासारखं. म्हणून प्रश्न पडला, कूर्चेच्या पेशी दुसऱ्याच कुठल्या पेशींपासून बनवता येतील का?

त्याचं उत्तर मॉस्कोमध्ये आधीपासून पडून होतं. अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन १९६० आणि ७० च्या दशकांत अस्थिमज्जेवर काम करत होते. अस्थिमज्जा म्हणजे नळी फोडून आपण चोखतो तो गर. त्यांच्या लक्षात आलं की त्या गरात भांड्याला चिकटून वाढणाऱ्या काही थोड्या पेशी आहेत, आणि त्यांच्यापासून हाडही बनतं आणि कूर्चाही. या पेशींना आज सगळं जग ज्या नावानं ओळखतं ते मेसेनकायमल स्टेम सेल हे नाव रूढ केलं अमेरिकेत क्लीव्हलंडच्या अर्नोल्ड कॅप्लान यांनी, १९९१ मध्ये. मराठीत मूलपेशी म्हणू. हे कॅप्लान शेवटाकडं परत येणार आहेत, जरा वेगळ्या मूडमध्ये.

तर मूलपेशी मिळाल्या. पण त्यांना 'कूर्चा हो' असं सांगायचं कसं?

१९९८ मध्ये क्लीव्हलंडलाच ब्रायन जॉनस्टोन, कॅप्लान आणि सहकाऱ्यांनी जे केलं ते मला अजून भारी वाटतं, कारण ते इतकं साधं आहे. सशाच्या अस्थिमज्जेतल्या सुमारे २ लाख पेशी एका निमुळत्या बुडाच्या प्लास्टिकच्या नळीत घेतल्या. नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवली. सगळ्या पेशी बुडाशी जाऊन एकमेकींना घट्ट चिकटल्या, एक दाणा झाला. त्या दाण्यावर पोषक द्रव, त्यात टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन आणि डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड. बस. दोन-तीन आठवड्यांत त्या दाण्यात खरी कूर्चा बनायला लागली. पुढं माणसाच्या पेशींवरही हे जमलं.

गर्दी करून का जमलं? कारण आईच्या पोटात असंच होतं. बाळाच्या हातापायांची हाडं सुरुवातीला हाडं नसतातच. आधी पेशी एका जागी दाटीवाटीनं गोळा होतात, मग त्या गोळ्याची कूर्चा होते, आणि हाड त्यानंतर येतं. सॉक्स-९ नावाचा जनुक जागा झाल्याशिवाय यातलं काही घडत नाही, हे १९९९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसलं. जॉनस्टोन यांच्या नळीनं त्या पेशींना पोटातले दिवस आठवून दिले, असं म्हणा. वर डेक्सामेथासोन आहेच, कोविडमध्ये आपण सगळ्यांनी पाठ केलेलं नाव.

(जाता जाता. पाठीवर माणसाचा कान उगवलेल्या उंदराचा फोटो तुमच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. तो खरा आहे, चार्ल्स व्हॅकांटींच्या गटाचा, त्याचा शोधनिबंध १९९७ चा. पण त्यात मूलपेशी नव्हत्या आणि माणसाच्या पेशीही नव्हत्या. कानाच्या आकाराच्या साच्यावर वासराच्या कूर्चेच्या पेशी पेरल्या होत्या.)

झालं तर मग, असं वाटतं ना? मलाही वाचताना वाटलं. पण मी आत्ताच जे बोलले त्यात घोळ आहे. पोटातल्या बाळात कूर्चा हा मुक्काम नसतो, वाटेतला थांबा असतो. कूर्चा होते, पेशी फुगतात, त्यात चुना बसतो, रक्तवाहिन्या शिरतात आणि हाड होतं. मूलपेशींना तुम्ही पोटातले दिवस आठवून दिलेत तर त्या पुढचंही आठवतात. नळीतल्या त्या दाण्यात कोलाजेन-१० सापडायला लागलं, जे हाड व्हायच्या वाटेवर असलेल्या कूर्चेत असतं. २००६ मध्ये हायडेलबर्गच्या शास्त्रज्ञांनी असे दाणे उंदरांच्या कातडीखाली ठेवून पाहिले. त्यात कॅल्शियम बसलं, रक्तवाहिन्या शिरल्या. तशाच ठेवलेल्या सांध्यातल्या अस्सल पेशींच्या दाण्याचं तसं झालं नाही.

तेव्हापासून आजपर्यंत या क्षेत्रातलं निम्मं काम याच एका प्रश्नावर चाललंय. मूलपेशीला कूर्चा बनवणं जमलंय. तिला कूर्चेवर थांबवायचं कसं? कुणी ऑक्सिजन कमी करून बघतं, कारण सांध्यात तो कमीच असतो. कुणी यंत्रात दाब देऊन बघतं, चालल्यासारखा. कुणी रेशमाच्या किंवा जेलीच्या सांगाड्यावर वाढवतं. प्रत्येकाला थोडं थोडं यश आहे. पण माणसाचा अख्खा झिजलेला गुडघा मूलपेशींपासून बनवलेल्या, टिकणाऱ्या कूर्चेनं पुन्हा मढवून दिला, असं अजून कुठंच नेहमीच्या उपचारात झालेलं नाही.

आणि आता ते नाक. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनी मूलपेशींचा हा हट्टीपणा बघून वेगळीच वाट काढली. नाकाच्या मधल्या पडद्यात कूर्चा असते आणि ती जन्मभर कूर्चाच राहते, हाड व्हायला बघत नाही. त्यांनी रुग्णाच्या नाकातून छोटासा तुकडा घेतला, पेशी वाढवल्या, त्यांचं पातळ कापड तयार केलं आणि ते गुडघ्यातल्या खड्ड्यात बसवलं. २०१६ मध्ये १० रुग्णांचा दोन वर्षांचा निकाल आला. पेशी गुडघ्यात रुळल्या होत्या, गंभीर त्रास झालेला नव्हता. तिथल्याच डॉक्टरांनी त्याआधी, २०१४ मध्ये, कॅन्सरमुळं नाकपुडीचा भाग काढलेल्या ५ रुग्णांना लॅबमध्ये वाढवलेल्या कूर्चेनं ती परत करून दिली होती. कावसजीच्या नाकात जे नव्हतं ते शेवटी आलं, सव्वादोनशे वर्षांनी.

बरं, आपल्याकडं काय? पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, एनसीसीएस. देशभरातल्या लॅबना तिथून पेशी पुरवल्या जातात. १९८० च्या दशकात हेच काम करायला ते सुरू झालं. एमएस्सीला असताना त्या फाटकापाशी बसमधून उतरायचं म्हणजे मला पंढरीला आल्यासारखं वाटायचं. आणि २०१७ मध्ये भारताच्या औषध नियंत्रकांनी कूर्चेच्या खड्ड्यांसाठी पेशींच्या एका उपचाराला परवानगी दिली, लोणावळ्याला लॅब असलेल्या रीग्रो कंपनीच्या. पण तो स्वीडनच्या जातीचा आहे. रुग्णाच्याच कूर्चेच्या पेशी वाढवून खड्ड्यात बसवायच्या. मूलपेशी नाहीत.

मूलपेशींचं मान्यता मिळालेलं औषध आलं २०२२ मध्ये, बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सचं. दुसऱ्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या अडीच कोटी पेशी, गुडघ्यात एकदाच टोचायच्या. १४६ रुग्णांवरच्या चाचणीत दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली, आणि झीज पुढं सरकणं थांबल्यासारखं दिसलं. हे काही कमी नाही. पण दोन गोष्टी. एक, ते मधल्या टप्प्यातल्या, दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या झिजेसाठी आहे. दोन, गेलेली गादी त्यानं परत उगवते असा तो निकाल नाही.

दुसरीकडं अमेरिकेत ४७५ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. अस्थिमज्जा, पोटाची चरबी आणि नाळ अशा तीन ठिकाणच्या पेशींची इंजेक्शनं एका बाजूला, आणि साधं स्टिरॉइडचं इंजेक्शन दुसऱ्या बाजूला. वर्षानंतर एकही पेशीवालं इंजेक्शन स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही.

इथं कॅप्लान परत येतात. ज्यांनी या पेशींना स्टेम सेल हे नाव दिलं, त्यांनीच २०१७ मध्ये लेख लिहून जाहीर मागणी केली की हे नाव बदला. का? कारण नुसत्या टोचलेल्या या पेशी गुडघ्यात जाऊन कूर्चा होतच नाहीत. बहुतेक काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीशा होतात. जे करतात ते एवढंच की जाण्याआधी काही रसायनं सोडतात, सूज उतरवतात. त्यांचं म्हणणं होतं की 'स्टेम' या शब्दामुळं लोकांना वाटतं अवयव नवा उगवणार, आणि क्लिनिकवाले तेच विकतात. आपल्या बापानं ठेवलेलं नाव बापानंच मागं घ्यावं, असं विज्ञानात फार वेळा होत नाही. २०२४ च्या सुरुवातीला ते गेले. नाव अजून तेच चालू आहे.

आपल्या सरकारी कागदांतही असंच एक नामांतर झालंय. आयसीएमआरनं २००७ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांच्या नावात 'स्टेम सेल संशोधन आणि उपचार' असं होतं. २०१३ मध्ये 'उपचार' हा शब्द काढून टाकला. मुद्दाम. आणि २०१७ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं नोंदणी केलेल्या चाचणीतच व्हायला हवं. परवानगी मिळालेली औषधं वेगळी. चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय नंबर असतो, मोबाइलवर शोधता येतो. आणि ज्या उपचाराची अजून परीक्षाच चाललीय, त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात.

मग मी त्या क्लिनिकला फोन लावला. मुलगी गोड बोलली. मी विचारलं, पेशी कुठून घेता? "मॅडम, पेशंटच्याच." कुठून पण? "हातातून ब्लड घेतो, मशीनमध्ये फिरवतो आणि लगेच देतो. एका तासात घरी." हातातलं रक्त फिरवून जे मिळतं ते प्लेटलेट. त्याला पीआरपी म्हणतात. त्याचा काहींना दुखण्यावर उपयोग होतो, तो वेगळा विषय आहे. पण त्यात मूलपेशी नसतात, कूर्चा तर लांबच. माहितीपत्रकावर मात्र गुडघ्याचं रंगीत चित्र होतं, आत चमकणाऱ्या निळ्या पेशी आणि खाली 'नवी गादी'. मला राग त्या मुलीचा आला नाही. राग आला तो याचा की, हे पत्रक आमच्या दादापर्यंत पोचलं आणि २०१७ चा सरकारी कागद त्याच्यापर्यंत पोचला नाही.

नगरला एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, चौथी श्रेणी, दोन्हीकडं. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, काठी, वजन थोडं कमी, आणि नाहीच सोसलं तर वाट्या बदलणं.

आईनं इतका वेळ काही विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "वाट्या बदलल्यावर मढीच्या पायऱ्या चढता येत्याल का?" मढी म्हणजे कानिफनाथांची मढी, आमच्या तालुक्यातलीच. होळीपासून यात्रा असते, गाढवांच्या बाजारासाठी तुम्ही नाव ऐकलं असेल.

डॉक्टर म्हणाले, "हळूहळू चढाल, आजी. पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवर नाही जायचं."

आई म्हणाली, "मोळी कुणाला पायजेल हाय आता."

दादानं यंदा जादा उचल घेतली नाही. नेहमीची घेतलीच, ती काही चुकत नाही. आई रोज सकाळी भिंतीला टेकून बसते, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवते, पाय सरळ दाबून धरते आणि दहापर्यंत मोजते. कोंबड्या आजूबाजूला फिरत असतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये अधूनमधून जे "सहा, सात" ऐकू येतं, ते तेच.

त्या क्लिनिकचा फोन अजून येतो. ऑफर आहे म्हणे, दिवाळीपर्यंत. मी घरी नव्हते तेव्हा आईनं उचलला. मी तिला एकच प्रश्न शिकवून ठेवला होता, तो तिनं विचारला. "तुमचा शीटीआय नंबर काय हाय?"

पलीकडून विचारलं, "कसला नंबर, आजी?"

"ते मला काय ठावं. माझी पोरगी म्हणली, नंबर दिला तरच बोलायचं."

फोन कट झाला. आईला अजून वाटतं, रेंज गेली असणार.